तीस अक्षरांचा मास्तर: रघुनाथ मुर्मू आणि संथाळीची लिपी

"त्यांच्या भाषेला लिपीच नाही, मग ती भाषा कसली? बोली म्हणा." आदिवासी भाषांचा विषय निघाला की चांगली शिकलेली माणसंही हे वाक्य सहज बोलून जातात. या न्यायानं इंग्रजी ही बोलीच ठरेल, कारण तिची अक्षरं रोमनांकडून आलेली. मराठीचंही फारसं बरं चालणार नाही. देवनागरी आपण हिंदी, नेपाळी आणि संस्कृतबरोबर वाटून घेतो, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आपली दफ्तरं, खतं, हिशेब मोडीत चालत होते. मोडी गेली, मराठी राहिली. भाषा असण्यासाठी स्वतःची लिपी लागत नाही, हे भाषाशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवतात.

मग ओडिशाच्या मयूरभंज संस्थानातल्या वीस वर्षांच्या एका तरुणानं १९२५ साली आपल्या मातृभाषेसाठी कोरी लिपी का रचली? आणि ती रचून न थांबता उरलेलं आयुष्य, म्हणजे १९८२ पर्यंतची पन्नासहून अधिक वर्षं, ती शिकवण्यात का घातली? या माणसाचं नाव रघुनाथ मुर्मू. संथाळ समाज त्यांना 'गुरु गोमके' म्हणतो, म्हणजे थोर गुरुजी. त्यांची लिपी ती 'ओल चिकी'. भारतातल्या आदिवासी भाषांपैकी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेनं मान्य केलेल्या भाषांच्या यादीत, बसलेल्या फक्त दोन, संथाळी आणि बोडो. संथाळी तिथवर पोचली यात या शाळामास्तराचा वाटा मोठा आहे. तो नेमका कसा, हे समजायला थोडं ध्वनिशास्त्र आणि थोडं शाळाशास्त्र लागेल. घाबरू नका, दोन्ही कामापुरतंच आहे.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

मुर्मूंचा जन्म ५ मे १९०५ चा. गाव दांडबोस, रायरंगपूरजवळ. घरचं नाव चुनू. हा रायरंगपूर परिसर आता राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यामुळं सगळ्यांना माहीत झाला आहे. (आडनाव एक असलं तरी नातं गृहीत धरू नका. मुर्मू हे संथाळांतलं कुळ आहे, आणि ते लाखो लोकांचं आहे.)

मुलगा सात वर्षांचा झाल्यावर शाळेत गेला. शाळा ओडिया माध्यमाची. आपल्याला वाटेल, शेजारची भाषा, शिकेल हळूहळू. इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ओडिया आणि मराठी या एकाच कुळातल्या भाषा आहेत. ओडिया आकडे 'एक, दुइ, तिनि, चारि, पांच' असे कानावर पडले तर मराठी पोर अडखळत का होईना, ओळखेल. संथाळी आकडे असे: मित्, बार, पे, पोन, मोंड़ें, तुरुय, एयाय, इराल, आरे, गेल. एकही ओळखीचा नाही. संथाळी ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली. तिच्या सख्ख्या बहिणी मुंडारी आणि हो, आणि लांबचे नातेवाईक थेट कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी. म्हणजे चुनू मुर्मू वर्गात बसला तेव्हा गुरुजींचं बोलणं, पुस्तकातला मजकूर आणि फळ्यावरची अक्षरं, तिन्ही गोष्टी त्याला एकदमच परक्या होत्या. अक्षर ओळखायचं, ते कुठल्या आवाजाचं ते लक्षात ठेवायचं, आणि त्या आवाजांतून तयार होणारा शब्द आपल्याला माहीतच नाही! पहिलीतलं पोर 'क म ल' वाचतं तेव्हा त्याच्या डोक्यात कमळ उमलतं म्हणून वाचन जमतं. इथं काहीच उमलत नव्हतं.

तो तरी टिकला. बारिपद्याच्या हायस्कुलातून १९२४ ला मॅट्रिक झाला. त्याच्या बरोबरीची किती पोरं पहिली-दुसरीतच गळली असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

चार दारांतून येणारी भाषा

दुसरा पेच नकाशाचा. संथाळ आज झारखंड, पश्चिम बंगाल, ओडिशा, बिहार, आसाम, शिवाय बांगलादेश आणि नेपाळ इतक्या ठिकाणी पसरले आहेत. मयूरभंजमधला संथाळ शिकला तर ओडिया अक्षरं शिकणार, मेदिनीपूरचा बंगाली, दुमक्याचा देवनागरी, आणि मिशनच्या शाळेतला रोमन. बोलायला बसले तर चौघांनाही एकमेकांचं कळतं. पत्र लिहिलं की संपलं. एकानं लिहिलेलं गाणं दुसऱ्यानं वाचायचं तर आधी परराज्याची लिपी शिका.

हे दुखणं गोव्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. कोंकणी देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि अरबी-फारसी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणीला मान्यता मिळाली तरी रोमीवाल्यांची तक्रार अजून मिटलेली नाही.

मुर्मूंच्या आधी संथाळी लिहिली जात नव्हती असं मात्र नाही. नॉर्वेहून आलेले मिशनरी लार्स स्क्रेफ्सरूड यांनी १८७३ मध्ये संथाळीचं व्याकरण छापलं. त्यांच्यामागून आलेले पॉल ओलाफ बोडिंग यांनी १९२९ ते १९३६ या काळात संथाळीचा पाच खंडांचा कोश प्रसिद्ध केला, जो आजही अभ्यासक उघडतात. दोघांचं काम रोमन अक्षरांत. ओल चिकीच्या आसपासच, मेदिनीपूरकडच्या साधू रामचंद मुर्मू यांनीही 'मोंज दांदेर आंक' नावाची वेगळी लिपी बनवली होती. पुढे कोरापुट-गंजामकडच्या सोरा भाषेसाठी मंगेई गोमांगो यांनी १९३६ मध्ये 'सोरांग सोंपेंग' रचली, तर हो भाषेसाठी लाको बोद्रा यांनी 'वारांग चिती'. त्या पट्ट्यात लिप्यांचा सुकाळ झाला असं दिसेल. ती लाट होती, आणि त्या लाटेतली सर्वांत दूर पोचलेली लिपी मुर्मूंची.

गिळलेला आवाज

आता ध्वनिशास्त्राकडं येऊ. संथाळीत पाण्याला 'दाक्' म्हणतात, घराला 'ओड़ाक्', एकाला 'मित्'. मी हे देवनागरीत लिहिलं, तुम्ही वाचलंत, आणि चुकीचं वाचलंत. त्यात तुमचा दोष नाही.

असं करून पाहा. 'दाक्' म्हणायला लागा. जीभ 'क'च्या जागी टेकवा आणि तिथंच थांबा. घसा आतून आवळून घ्या. हवा बाहेर सोडू नका. ऐकणाऱ्याला 'क' ऐकू येण्याऐवजी शब्द अचानक तुटल्यासारखा वाटेल. संथाळीत असे चार आवाज आहेत: क, च, त आणि प यांची गिळलेली रूपं. भाषाशास्त्रात त्यांना रुद्ध व्यंजनं म्हणता येईल. ते शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटी येतात, आणि त्यांच्याविना संथाळीचं पानही हलत नाही.

गंमत पुढे आहे. याच आवाजापाठोपाठ स्वर आला की तो गिळलेला राहत नाही, मोकळा होतो आणि घोषही होतो, म्हणजे 'त'चा 'द', 'क'चा 'ग'. 'त्यांना मारलं' याला संथाळीत 'दालकेत्कोआ' म्हणतात, त्यातला 'त्' गिळलेला. 'त्याला मारलं' म्हणायचं तर 'को'च्या जागी 'ए' येतो, आणि होतं 'दालकेदेआ'. 'केत्' आणि 'केद' ही एकाच प्रत्ययाची दोन रूपं. संथाळ माणसाच्या डोक्यात तो एकच आवाज आहे. परक्या लिपीत लिहिताना मात्र एकदा 'त', एकदा 'द' लिहावं लागतं, वर गिळण्यासाठी एखादी खूण शोधावी लागते.

मुर्मूंनी केलं ते असं: गिळलेला 'त्' आणि मोकळा 'द' यांना एकच अक्षर दिलं. शब्दाच्या शेवटी आलं की गिळायचं, पुढे स्वर असला की मोकळं करायचं. तसंच क-ग, च-ज, प-ब यांचं. म्हणजे पाणी लिहिताना ते 'ग'चंच अक्षर वापरतात, आणि वाचणारा संथाळ आपोआप 'दाक्' असा तोडून म्हणतो. बाहेरून आलेल्या एखाद्या शब्दात शेवटी खरोखरच खणखणीत 'ग' हवा असेल, तर त्यासाठी एक छोटी जोडखूण ठेवली. ती 'अहद'. नेहमीच्या गोष्टीला काही जोडायचं नाही, अपवादाला खूण करायची, असा हा सगळा हिशेब. कुठल्याही विद्यापीठात भाषाशास्त्र न शिकलेल्या विशीतल्या पोरानं शब्दाचं मूळ रूप आणि त्याचा उच्चार यांतला फरक अचूक पकडला होता. मला तरी ओल चिकीतली ही सर्वांत देखणी जागा वाटते.

दुसरी अडचण स्वरांची. देवनागरी, ओडिया, बंगाली या लिप्यांत प्रत्येक व्यंजनात एक 'अ' दडलेला असतो. मराठीत तो शब्दाच्या शेवटी उच्चारत नाहीत. 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. ओडियात तो शेवटीही उच्चारतात, 'घरऑ' असा काहीतरी. संथाळीतले ढिगानं शब्द व्यंजनान्त. म्हणजे ओडिया लिपीत लिहायचे तर जागोजागी पाय मोडत बसा. शिवाय संथाळीत 'ऑ' आणि 'ओ' हे वेगळे स्वर, आणि स्वरांची एकूण संख्याही आपल्या लिप्यांना सहज पेलेल अशी नाही.

परकी लिपी थोडी तोकडी पडली तर एवढं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. मराठीतही 'चमचा' आणि 'चार' यांतले 'च' वेगळे आहेत, आपण ते एकाच अक्षरानं लिहितो. चालून जातं, कारण वाचण्याआधी आपल्याला शब्द माहीत असतो आणि शाळाही त्याच भाषेतली असते. वाचनालयं, वर्तमानपत्रं, दुकानांच्या पाट्या मिळून ती उणीव रोज भरून काढतात. ज्या भाषेत एकही पाटी नाही तिला ही चैन परवडत नाही.

तीस खणांचा तक्ता

मुर्मूंनी दडलेला 'अ' काढूनच टाकला. ओल चिकीत स्वर हे स्वतंत्र अक्षर आहे आणि ते व्यंजनाशेजारी लिहायचं. काना, मात्रा, वेलांटी नाही, जोडाक्षरं नाहीत, डोक्यावर रेघ नाही. डावीकडून उजवीकडं एकामागून एक अक्षर. ख, घ, छ, झ असल्या महाप्राणांसाठी वेगळी अक्षरं नाहीत. साध्या अक्षरापुढं 'ह'चं एक चिन्ह ठेवलं की काम झालं, कारण संथाळीत हे आवाज मुख्यतः शेजारच्या भाषांतून आलेल्या शब्दांत लागतात. एकूण अक्षरं ३०, सोबत स्वर बदलणारे आणि अनुनासिक दाखवणारे काही ठिपके, आणि स्वतःचे दहा आकडे.

ही तीस अक्षरं सहा ओळींत, दर ओळीत पाच अशी मांडली आहेत. प्रत्येक ओळ एका स्वरानं सुरू होते: ऑ, आ, इ, उ, ए, ओ. पुढची चार व्यंजनं त्याच स्वराला धरून म्हणायची. पहिली ओळ ऑ, ऑत, ऑग, ऑङ, ऑल. दुसरी आ, आक, आज, आम, आव. तिसरी इ, इस, इह, इञ, इर. अशीच पुढे उ, ए आणि ओ यांची.

आपली वर्णमाला घशापासून ओठांपर्यंत जाते. क-च-ट-त-प ही रचना शास्त्र म्हणून अजोड आहे, तिच्यापुढं रोमनची ए-बी-सी-डी म्हणजे नुसता गोंधळ. मुर्मूंना ही वर्णमाला माहीत होती, शाळेत ते तीच शिकले होते. तरी त्यांनी ती घेतली नाही. आपण 'क' म्हणतो तेव्हा व्यंजन आधी आणि स्वर नंतर येतो. ते 'आक' म्हणतात, स्वर आधी आणि व्यंजन शेवटी. आणि गिळलेले आवाज राहतात कुठं? शेवटी. 'ऑग', 'आज', 'उद', 'ओब' ही नावं संथाळ पोर म्हणतं तेव्हा तो आवाज आपसूक गिळला जातो. अक्षराचं नाव घेतानाच त्याचा खास उच्चार तोंडात बसतो. हे मुर्मूंनी याच हेतूनं केलं असं त्यांनी कुठं लिहिलंय का, त्याच्या खोलात मी जात नाही. पण मुळाक्षरं घोकून घेणाऱ्या कुणाही गुरुजींना ही युक्ती बघून दाद द्यावीशी वाटेल.

आकारांचंही तसंच. बहुतेक अक्षरांमागं एखादं ओळखीचं चित्र सांगितलं जातं. 'इर'चं अक्षर विळ्याचं, आणि संथाळीत पीक कापण्याला 'इर' म्हणतात. 'इस' नांगराचं. 'उद' अळंबीचं. 'उच' डोंगराच्या शिखराचं. 'उण' गुणगुणत उडणाऱ्या भुंग्याचं. 'इञ' म्हणजे मी, तर अक्षरात स्वतःकडं हात करणारा माणूस. 'आम' म्हणजे तू, तर समोरच्याकडं बोट करणारा. आपल्याकडं 'ग गणपतीचा' म्हणताना ग आणि गणपती यांच्या आकाराचा काही संबंध नसतो, पोरानं तो पाठच करायचा. इथं शेतावरून आलेलं पोर फळ्यावर विळा बघतं. प्रत्येक अक्षरात चित्र तितकंच स्पष्ट दिसतं असा दावा मी करणार नाही. काही ठिकाणी बरीच कल्पना ताणावी लागते.

लाकडी छापखाना

लिपी झाली, पण छापणार कुठं? कुठल्याही छापखान्यात या अक्षरांचे खिळे नव्हते. इथं मुर्मूंचं दुसरं शिक्षण उपयोगी पडलं. मॅट्रिकनंतर त्यांनी बारिपद्याच्या वीजघरात उमेदवारी केली होती, मग कलकत्त्याकडं औद्योगिक प्रशिक्षण घेऊन ते बारिपद्याच्या औद्योगिक शाळेत शिकवायला लागले. हातात हत्यार धरता येणारा मास्तर होता. त्यांनी लाकडी अक्षरं आणि छपाईचं लाकडी यंत्र स्वतः तयार केलं. १९३९ मध्ये बारिपद्याच्या प्रदर्शनात ते संस्थानिक प्रतापचंद्र भंजदेव यांना दाखवलं, तेव्हा या लिपीकडं पहिल्यांदा दरबाराचं लक्ष गेलं.

जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, देवनागरीची केस किती खणांची असते ते. काने, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे. ओल चिकीला चाळीस-पन्नासांत भागतं. गरीब भाषेला स्वस्तात छापता येणं ही चैनीची गोष्ट नव्हती.

दरम्यान ते बदामतोलियाच्या शाळेत शिकवत होते, नंतर रायरंगपूरच्या हायस्कुलात मुख्याध्यापक झाले. १९४६ मध्ये ती नोकरीही सोडली आणि पूर्णवेळ या कामाला लागले. ओडिशा, बंगाल, जमशेदपूरकडचा भाग असं त्यांचं हिंडणं चालू राहिलं.

नुसत्या अक्षरांनी लिपी चालत नाही

लिपी बनवणारे त्या काळात आणखीही होते, हे वर आलंच. मुर्मूंचं वेगळेपण असं की त्यांनी लिपीबरोबर वाचायला काहीतरी दिलं, आणि ते शाळेच्या क्रमानं दिलं. अक्षरओळखीसाठी 'पारसी पोहा' आणि 'अल चेमेद'. अंकगणितासाठी 'एलखा पाटोब'. व्याकरणासाठी 'रोनोड़'. सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सांगणारं 'हितल'. गाण्यांचा संग्रह 'होड़ सेरेंग'. पोरगं अक्षर शिकलं, पुढं काय, या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. एका माणसानं एका भाषेचं पाठ्यपुस्तक मंडळ चालवलं म्हणा ना.

पण माझ्या मते त्यांची खरी करामत नाटकात आहे. १९४२ मधलं 'बिदू चांदन' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं नाटक. बिदू हा देव आणि चांदन ही देवी माणसाच्या रूपात पृथ्वीवर येतात, एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि एकमेकांना निरोप लिहिण्यासाठी ओल चिकीची अक्षरं वापरतात. जरा विचार करा. प्रेक्षक निरक्षर. त्यांना 'साक्षर व्हा' असं सांगणारं भाषण ऐकायची कुणाला हौस? त्याऐवजी रात्रभर चालणाऱ्या खेळात दोन प्रेमी खुणांची पत्रं लिहिताहेत, आणि ती वाचता आली तरच पुढचं कळणार. शिवाय कथेत ही अक्षरं देवाघरची ठरतात, कालच्या पोरानं बनवलेली राहत नाहीत. आजही कित्येक संथाळ घरांत बिदू-चांदन ही विद्येची दैवतं म्हणून पुजली जातात. लेखकानं लिहिलेली पात्रं देव्हाऱ्यात जाऊन बसली. हे भाग्य किती नाटककारांच्या वाट्याला येतं?

'खेरवाल बीर' हे नाटक संथाळांच्या वीर पूर्वजांचं, 'दारे गे धोन' झाड हेच धन असं सांगणारं, आणि 'सिदू कान्हू' १८५५ च्या उठावाचं. भोगनाडीहच्या सिदू आणि कान्हू मुर्मू या भावांनी सावकार, जमीनदार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध उभारलेला हा 'हूल' १८५७ च्या दोन वर्षं आधीचा. शाळेच्या इतिहासात तो तेव्हा एखाद्या ओळीत आटपत असेल. रंगमंचावर तो संथाळीत उभा राहिला.

मान्यता, आणि अजून न मिटलेला वाद

सरकारी दखल उशिरा आली. १९७८ मध्ये ओडिशा साहित्य अकादमीनं त्यांचा गौरव केला. १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं संथाळीसाठी ओल चिकीला मान्यता दिली. १ फेब्रुवारी १९८२ ला मुर्मू गेले. पुढचं त्यांनी पाहिलं नाही. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीनं संथाळी, बोडो, डोगरी आणि मैथिली आठव्या अनुसूचीत आल्या. २००५ पासून साहित्य अकादमी संथाळीला पुरस्कार देऊ लागली. मयूरभंजच्याच दमयंती बेश्रा यांना तो २००९ मध्ये मिळाला, २०२० मध्ये पद्मश्रीही. २००८ मध्ये ओल चिकी युनिकोडमध्ये गेली, म्हणजे जगातल्या कुठल्याही संगणकाला आणि मोबाइलला ही अक्षरं समजायची सोय झाली. २०१८ मध्ये संथाळी विकिपीडिया सुरू झाला, तोही ओल चिकीत. बारिपद्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला मुर्मूंचं नाव आहे.

हे सगळं गोड झालं. आता अडचणीचा भाग.

बोडिंग यांच्या रोमन लेखनात गिळलेल्या आवाजांसाठी चिन्ह आहे, स्वरांसाठी ठिपके आहेत. म्हणजे संथाळीचे सगळे आवाज रोमनमध्येही नीट लिहिता येतात. 'आमचे ध्वनी दुसऱ्या लिपीत बसतच नाहीत' हा दावा त्यामुळं पूर्ण टिकत नाही. रोमनमध्ये दीडशे वर्षांचं साहित्य आहे, आणि ते लिहिणारे-वाचणारे संथाळ, विशेषतः ख्रिस्ती संथाळ, ते टाकून द्यायला तयार नाहीत. त्यांच्या दृष्टीनं चार लिप्यांचं भांडण मिटवायला पाचवी आणली गेली, आणि आता पाच लिप्यांचं भांडण आहे.

त्याची किंमत बांगलादेशात दिसली. तिथल्या सरकारनं २०१७ मध्ये पूर्वप्राथमिक वर्गांसाठी चाकमा, मारमा, गारो, त्रिपुरी आणि साद्री या पाच भाषांत पुस्तकं दिली. संथाळीचं पुस्तक निघालं नाही, कारण ते रोमनमध्ये छापायचं की बंगालीत यावर एकमत होईना. मोठ्यांचा वाद लिपीवर, पुस्तक गेलं पोरांचं.

तरी मी मुर्मूंच्या बाजूनं झुकतो, आणि ध्वनींपेक्षा वेगळ्या कारणासाठी. ओडिया लिपी ओडिशाची, बंगाली बंगालची, देवनागरी हिंदीवाल्यांची, रोमन मिशनची. यातली कुठलीही निवडली तरी बाकीच्या तीन ठिकाणच्या संथाळांना ती दुसऱ्याची वाटणार. कुठल्याच राज्याची आणि कुठल्याच धर्मपीठाची नसलेली लिपी हीच चौघांना जोडण्याची शक्यता होती. १९२५ मध्ये, राज्यांची भाषावार रचना व्हायच्या कितीतरी आधी, ही गोष्ट त्यांनी हेरली. आणि आठव्या अनुसूचीच्या मागणीत 'आमची स्वतंत्र लिपी आहे' हा मुद्दा वजनदार ठरला, भाषाशास्त्र काहीही म्हणो.

अनुसूचीनं सगळं साधतं असंही नाही. खिशातली नोट काढून पाहा. तिच्यावरच्या पट्टीत पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. मराठी आहे, साडेबावीस लाख लोकांची कोंकणी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ७३ लाख ६८ हजार लोकांची मातृभाषा असलेली संथाळी त्या पट्टीत नाही.

आपल्याकडं

महाराष्ट्रातही संथाळीची एक नातेवाईक आहे आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत बोलली जाणारी कोरकू ही संथाळी, मुंडारी आणि हो यांच्याच मुंडा गटातली, त्या गटाचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. कोरकूत माणसाला 'कोरो', संथाळीत 'होड़'. अनेकवचनाला कोरकूत 'कू', संथाळीत 'को'. 'कोरकू' या नावाचाच अर्थ माणसं. मेळघाटच्या पोराला मराठी शाळेत जे होतं ते चुनू मुर्मूला ओडिया शाळेत झालेल्याच्या जवळचं आहे.

गोंडीचं कूळ वेगळं, ती द्राविडी, पण पेच तोच. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहायची, तेलंगणात तेलुगूत. २०११ मध्ये तिचे सुमारे ३० लाख भाषक नोंदले गेले, आणि ती अजून आठव्या अनुसूचीत नाही. तिच्याही स्वतःच्या लिप्या आहेत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये, म्हणजे ओल चिकीच्या सात वर्षं आधी, एक लिपी रचली. दुसरी अदिलाबादकडच्या गुंजाळा गावातल्या जुन्या हस्तलिखितांतून पुढं आली. दोन्ही आता युनिकोडमध्ये आहेत. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि संस्कृतीवर आयुष्यभर लिहिलं, तेही नोकरी सांभाळून. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली, आणि परवानगीचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

गोंडीला आज अक्षरांची कमतरता नाही. कमी आहे ती अंकगणिताच्या पुस्तकाची, वाचनमालेच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागाची आणि ते शिकवू शकणाऱ्या, पगार मिळणाऱ्या शिक्षकांची. कुठली लिपी घ्यायची हे गोंडी बोलणारेच ठरवतील. पण 'एलखा पाटोब'सारखं पुस्तक आधी हातात आलं, तर ते ठरवणं त्यांना बरंच सोपं जाईल.